पहिला पंक बँड कुणाचा, हा वाद शेवटी घ्या

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: शहरात १९७९ ते १९८५ च्या सुमारास पंक बँडांचं एक छोटं वर्तुळ होतं. त्यातल्या एका बेस वाजवणाऱ्याने तुमच्या हाती एक खोका दिलाय. त्यात चाळीसेक कॅसेट, फ्लायरचा गठ्ठा, घरी बनवलेल्या झाइनचे (चाहत्यांनी काढलेल्या छोट्या मासिकांचे) काही अंक आणि निगेटिव्हची पाकिटं आहेत. पंधरा-वीस जणांचे नंबर मिळालेत, पण त्यातले दोघं ‘शहरातला पहिला पंक बँड आमचाच’ म्हणून अजून भांडतात. वेबसाइट करू की पुस्तक, आणि पहिला म्हणून कुणाचं नाव घालू, हा तुमचा प्रश्न.

वेबसाइटपासून सुरुवात म्हणजे आधी कळस, मग पाया. तुमची खरी अडचण लिहिण्याची नाहीच. एकीकडे माणसं आणि फिती दोन्ही हातातून निसटतायत, आणि दुसरीकडे जे हातात आहे त्याला तारखा नाहीत. पुढच्या शुक्रवारच्या गिगसाठी, म्हणजे लोकांपुढच्या कार्यक्रमासाठी, भिंतीवर चिकटवायच्या कागदावर वर्ष कोण लिहील? म्हणून या कामाचा कणा म्हणजे गिगची यादी: कुठल्या रात्री, कुठल्या जागी, कुणी वाजवलं, आणि हे आपल्याला कशावरून कळलं. ती उभी राहिली की मुलाखती, फोटो, रेकॉर्ड सगळं तिच्यावर टांगता येतं. ती नसेल तर हाती उरतात फक्त किस्से, आणि त्यातही सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचे.

कामाचा क्रम मात्र परिस्थितीवर ठरतो. यादीतलं कुणी आजारी असेल तर खोका तसाच ठेवा आणि आधी त्या माणसाकडे जा; कॅसेट सहा महिन्यांनीही वाजेल. सगळे धडधाकट असतील तर मी आधी फिती घेतो, मग निगेटिव्ह, मग कागद. कोरड्या जागी ठेवलेला कागद आणखी काही वर्षं कळ काढतो. कॅसेटचं दुखणं फक्त फितीचं नाही. चांगले डेक, त्यांचे रबरी पट्टे आणि ते बसवू शकणारे हात, तिन्ही कमी होत चाललेत. कॉपीराइट, मानहानी आणि खासगी माहितीचे कायदे देशागणिक बदलतात, तेव्हा त्याबद्दलचा खालचा सल्ला सावधगिरीचा समजा आणि छापण्याआधी तिथल्या वकिलाला विचारा.

खोका उघडल्यावर पहिला मोह होतो वर्गवारीचा: कॅसेट इकडे, फ्लायर तिकडे. तो आवरा. आहे त्या क्रमाने, थरागणिक फोटो काढा. निगेटिव्हच्या पाकिटात एखादं तिकीट सापडलं तर तेच त्या निगेटिव्हची तारीख असू शकतं. दोन्ही वेगळी केलीत की दुवा तुटला. मग प्रत्येक वस्तूला चालू क्रमांक द्या. कागदावर लिहायचं तर मऊ पेन्सिलने मागच्या बाजूला, नाहीतर पाकिटावर. स्टिकर नको, त्याचा गोंद कागदात मुरतो. आणि देणाऱ्याला लेखी पावती द्या: किती वस्तू, कुठल्या अवस्थेत, कायमच्या की उसन्या, परत कधी. ‘नेलं ते परत आणलंच नाही’ अशी जुनी भांडणं या वर्तुळांत भरपूर असतात. पावती देणारा माणूस आहे असं कळलं, की माळ्यावरचे पुढचे खोके खाली यायला लागतात.

आता कॅसेट. लगेच डेकमध्ये घालू नका. आधी आतलं कार्ड आणि दोन्ही बाजूंची लेबलं स्कॅन करा. वरच्या कडेचे दोन छोटे टॅब शाबूत असतील तर तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी फीत पुसली जाणार नाही. मग खिडकीतून आत बघा. गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट पिशवीत घालून वेगळी ठेवा. एकदा वाजवलीत की डेकमार्फत बाकीच्यांनाही लागते. कॅसेटच्या तोंडाशी पातळ धातूच्या पट्टीवर फेल्टचा एक चौकोनी तुकडा असतो, तो प्रेशर पॅड. जुन्या कॅसेटमध्ये गोंद सुकून तो पडलेला असतो, आणि मग आवाज दबका आणि तुटक येतो. फीतच गेली असं समजून लोक अशा कॅसेट फेकून देतात. उपाय सोपा आहे: स्क्रूने बंद होणारी नवी कॅसेट उघडायची आणि जुनी फीत चकत्यांसकट तिच्या कवचात बसवायची. जुनं कवच स्क्रूऐवजी चिकटवलेलं असेल तर शिवणीवर ब्लेडने हलकेच फोडावं लागतं. पहिले दोन-तीन प्रयोग बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर करा.

डेकचं हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि कॅप्स्टन (फीत ओढणारा दांडा) दर दोन-तीन कॅसेटनंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाच्या काडीने. फीत कॅप्स्टनवर दाबणाऱ्या पिंच रोलरच्या रबराला अल्कोहोल वारंवार लावलं तर ते कडक होतं. तिथे सौम्य साबणाच्या पाण्यात ओलसर केलेली काडी पुरते. ६० आणि ९० मिनिटांची कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेली गुंडाळी मोकळी होते. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते. तिला वेगाने फिरवू नका, साध्या वेगाने वाजवतच दुसऱ्या टोकाला न्या.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: अ‍ॅझिमथ, म्हणजे फितीशी होणारा हेडचा कोन. गिगला नेलेल्या स्वस्त रेकॉर्डरचं हेड बऱ्याचदा किंचित कललेलं असायचं. तुमचं हेड अगदी सरळ असलं तरी, किंबहुना सरळ आहे म्हणूनच, त्या कललेल्या रेकॉर्डिंगमधल्या झांजा आणि गायकाची व्यंजनं मातीत जातात. आवाज मोनो करा आणि हेडशेजारचा छोटा स्क्रू, चुंबकत्व नसलेल्या पेचकसाने, केसभर केसभर फिरवा. झांजा जिथे सर्वांत लखलखीत ऐकू येतील तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला, कधीकधी प्रत्येक बाजूला, हे नव्याने करावं लागतं. नंतर संगणकावर ट्रेबल वाढवून हे साधत नाही. फितीवरून जे उचललंच गेलं नाही ते वाढवणार कसं? डॉल्बीची, म्हणजे फितीची सळसळ कमी करणाऱ्या सोयीची, खूण लेबलवर नसेल आणि कानालाही खात्री पटत नसेल, तर डॉल्बी बंद ठेवा.

वेगाची भानगड वेगळी. बॅटरी उतरलेल्या रेकॉर्डरमध्ये फीत हळू सरकते, म्हणून आज नेमक्या वेगाने वाजवली की बँड घाईत आणि गायक चिरका ऐकू येतो. पंकमध्ये हे ओळखणं कठीण, तिथे सगळेच घाईत असतात. गिटारच्या पट्टीवरही विसंबू नका, सगळ्यांकडे ट्यूनर नव्हते. त्याऐवजी दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण शोधा. ती विजेची असते: ५० हर्ट्झ, काही देशांत ६०, किंवा त्याची दुप्पट. ५० च्या देशातली गुणगुण स्पेक्ट्रममध्ये ५३ वर दिसली तर रेकॉर्डिंग ६ टक्के जास्त वेगाने चाललंय, म्हणजे जवळपास अर्धा स्वर वर. दुरुस्ती प्रतीवर करा. मूळ फाइल उतरली तशीच राहू द्या.

मूळ फाइल म्हणजे ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा ठोका शून्याखाली सहा ते दहा डेसिबलवर राहील. या हिशोबाने तासाभराची स्टिरिओ फाइल सुमारे २ जीबी होते, तुमच्या चाळीस कॅसेट शंभरेक जीबीत बसतात. मूळ फाइलवर खरखर काढण्याचं सॉफ्टवेअर चालवू नका, आणि गाण्यांमधलं बोलणं तर अजिबात कापू नका. ‘पुढच्या रविवारी इथेच’, ‘ड्रमवाल्याची आज पहिलीच वेळ’, प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलेलं टोपणनाव: इतिहासाच्या दृष्टीने तीन मिनिटांच्या गाण्यापेक्षा या दहा सेकंदांचं मोल कधीकधी जास्त असतं. दोन्ही बाजू फीत संपेपर्यंत चालू द्या. पैसे वाचवायला लोक एकाच कॅसेटवर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करत, त्यामुळे शेवटी आधीच्या गिगची शेपटी शिल्लक असते.

खोक्यात रीळाच्या फिती निघाल्या आणि त्या किंचाळल्या किंवा हेडवर चिकट तपकिरी थर सोडू लागल्या, तर तिथेच थांबा. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या काही फितींमधला बंधक पदार्थ ओल शोषून चिकट होतो. त्यांना ५० अंश सेल्सिअसच्या आसपास नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवून तात्पुरतं वाजण्याजोगं करतात, पण ते काम प्रयोगशाळेचं, घरच्या ओव्हनचं नव्हे. अ‍ॅसिटेटची फीत तर अशा उष्णतेने कायमची बिघडते. व्हिडिओच्या फितीही जाणकाराकडेच द्या आणि त्याच्याकडून दाबलेली एमपी-४ नव्हे, एफएफव्ही-१ सारख्या काहीही न गमावणाऱ्या स्वरूपातली फाइल मागा.

कागदाचं त्या मानाने सोपं. फ्लायर आणि झाइन बहुतेक फोटोकॉपीचे, आणि फोटोकॉपीचा टोनर मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक फोल्डरला चिकटतो. वर्षभराने कागद ओढलात की अक्षरं फोल्डरवर. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. गंजलेल्या पिना पिनकाढणीने उपटू नका. मागचे पाय पातळ सुरीने उभे करा आणि पिन पुढून सरकवून काढा. स्कॅन ६०० पीपीआय (इंचाला ६०० पिक्सेल), रंगीत, टिफ. कागद काळा-पांढरा असला तरी रंगीतच करा, कारण कागदाची छटा, पेन्सिलची खूण, डिंकाचा पिवळा डाग हे सगळं माहिती देतं. एका ए-४ पानाला साधारण १०० एमबी लागतात. मागची बाजू कोरी दिसली तरी स्कॅन करा. गाण्यांचा क्रम किंवा कुणी किती पैसे दिले याचा हिशोब तिथेच असतो. झाइन मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिराती आणि वाचकांच्या पत्रांसकट. आवडत्या मुलाखतीची चार पानं तेवढी स्कॅन करणाऱ्यांनी फार नुकसान करून ठेवलंय.

फोटोंच्या बाबतीत छापील प्रतींपेक्षा निगेटिव्ह धरा. छापायला निवडले गेले ते गायकाचे तीन फोटो. छत्तीसच्या रोलमधल्या उरलेल्या तेहेतीस चौकटींत प्रेक्षक आहेत, भिंत आहे, दारावरचा माणूस आहे, आणि दुसरा बँड आहे. चौकटींचे क्रमांक सोडू नका, त्यावरून रात्रीचा क्रम लागतो. ३५ मिमी निगेटिव्ह ४००० पीपीआयला स्कॅन केली की साधारण २१ मेगापिक्सेल मिळतात, त्यापुढे बहुधा फक्त फिल्मचे कण मोठे होतात. स्लाइडच्या चौकटीवर महिना-वर्ष छापलेलं असेल तर ते फिल्म धुण्याचं, फोटो काढण्याचं नव्हे. अर्धवट वापरलेला रोल कॅमेऱ्यात सहा महिने पडून राहिलेला असू शकतो.

आता तारखा, म्हणजे कामाचं मर्म. समजा फ्लायरवर ‘शुक्रवार, १४ मार्च’ एवढंच आहे. कॅलेंडर सांगतं की १४ मार्चला शुक्रवार १९७५, १९८०, १९८६ आणि १९९७ साली आला. तुमच्या काळात बसणारं वर्ष एकच, १९८०. मात्र काळाची सीमा वर्षभराने वाढवलीत की १९८६ ही दारात येऊन उभं राहतं. तेव्हा दुसरा पुरावा शोधा: त्या जागेचं तेव्हाचं नाव, प्रवेशशुल्क, फोन नंबरातले आकडे किती, यादीतल्या इतर बँडांपैकी कोण कधी फुटला. शहराचे फोन नंबर कुठल्या वर्षी एका आकड्याने वाढले हे एकदा शोधून ठेवा, पन्नास फ्लायर एका फटक्यात दोन गटांत विभागले जातील.

पण फ्लायर हे फक्त आश्वासन आहे. गिग झाली याचा तो पुरावा नाही. पोलीस आले, गाडी बंद पडली, हॉलवाल्याने ऐनवेळी नकार दिला, आणि तरीही फ्लायर अजून दिमाखात आहे. म्हणून यादीत ‘स्थिती’ असा वेगळा रकाना ठेवा: जाहीर, झाली, रद्द, वादग्रस्त. ‘झाली’ लिहायला गिगनंतरचा पुरावा लागतो: झाइनमधलं परीक्षण, तारीख असलेली टेप, फोटो, हॉलच्या नोंदवहीतली पावती, त्या रात्री लिहिलेली डायरी. एकमेकांना न भेटलेल्या दोघांच्या आठवणी जुळल्या तर मी ‘बहुधा झाली’ लिहितो. एकाच मित्रमंडळातल्या पाच जणांच्या जुळल्या तर त्या मी एकच आठवण धरतो.

बाकीचे रकाने: कायमचा क्रमांक, तारीख, जागेचं तेव्हाचं नाव आणि पत्ता, बँड वाजवलेल्या क्रमाने, आयोजक, पुरावा, शेरा. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे आपोआप क्रम लागतो. अर्धीच माहीत असेल तर अर्धीच लिहा. वर्षापुढे प्रश्नचिन्ह म्हणजे शंका, लहरी रेघ म्हणजे अंदाज. ही पद्धत २०१९ पासून तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही आहे, त्यामुळे उद्या ग्रंथालयाला तुमची यादी जशीच्या तशी घेता येते. माहीत नसलेल्या दिवसाच्या जागी १ तारीख टाकायची सवय मात्र लावू नका. तीन वर्षांनी तुम्हालाच ती खरी वाटायला लागेल. बँडचं नाव दोनदा ठेवा: कागदावर छापलंय तसं, आणि तुम्ही ठरवलेलं एक प्रमाण रूप. महिन्याभरात तीन नावं बदललेला बँड आणि एकाच नावाचे दोन बँड, दोन्ही तुम्हाला भेटणारच.

रेकॉर्डच्या बाबतीत कव्हरवरच्या वर्षाआधी शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत कड्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक वाचा. तबकडी बाजूच्या उजेडात तिरपी धरली की दिसतो. पहिली आवृत्ती आणि नंतरची पुनर्मुद्रणं त्यावरून वेगळी करता येतात. किती प्रती छापल्या याला बँडची आठवण नव्हे, कारखान्याचं बिल प्रमाण.

आठवणींवर एवढा अविश्वास का, याचं नेमकं उदाहरण मँचेस्टरचं आहे. तिथल्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडने ४ जून १९७६ ला वाजवलं, आणि पुन्हा २० जुलैला. पहिल्या रात्री मोजकी माणसं होती, पण ‘मी होतो’ म्हणणारे त्याच्या कितीतरी पट निघाले. सगळेच काही खोटं बोलत नव्हते; बरेच जण खरोखर गेले होते, फक्त दुसऱ्या रात्री. ते ओळखायचं कसं? दोन्ही कार्यक्रम बझकॉक्सच्या पीट शेली आणि हॉवर्ड डिव्होटो यांनी ठरवले होते, पण जूनमध्ये त्यांच्या बँडची तयारी झाली नव्हती. बझकॉक्स मंचावर आले ते जुलैमध्ये. म्हणजे ‘त्या रात्री बझकॉक्सही ऐकले’ असं सांगणारा माणूस २० जुलैला होता. तुमच्या शहरातही अशी ओळखीची खूण शोधा. तारीख विचारू नका, आणखी कुणी वाजवलं ते विचारा, बाहेर पाऊस होता का विचारा, तेव्हा शाळेत होतात की नोकरीत ते विचारा.

मुलाखतींचं तंत्र इथूनच निघतं. पहिला अर्धा तास कुठलाही फोटो किंवा फ्लायर दाखवू नका. दाखवलात की माणूस आठवणीऐवजी फोटोचं वर्णन करू लागतो. मोकळं बोलून झालं की मग एकेक वस्तू समोर ठेवा. ‘पंक म्हणजे तुमच्यासाठी काय होतं’ असल्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर मिळतं. अ‍ॅम्प कुणाचा होता, तो हॉलपर्यंत कसा नेला, सराव कुठे व्हायचा, शेजारी काय म्हणाले, फोटोकॉपीचे पैसे कुणी दिले, अशा प्रश्नांतून त्या वर्तुळाची खरी यंत्रणा दिसते. दीड तासात माणूस थकतो, तेव्हा दुसरी बैठक ठरवा; पहिल्या बैठकीने ढवळलेलं तिच्यात वर येतं. दोन रेकॉर्डर लावा, पंखा आणि फ्रिज बंद करा, सुरुवातीला नाव, तारीख, ठिकाण मोठ्याने बोला. एका तासाच्या मुलाखतीच्या शब्दशः लेखनाला सहा-आठ तास सहज जातात. तेवढा वेळ नसेल तर निदान दर पाच मिनिटांना विषय आणि नावं यांची वेळेनिशी टाचणं करा. सगळ्यांना एकत्र बसवण्याची मजा नंतर घ्या. आधी घेतलीत तर एकाची गोष्ट सगळ्यांची होते.

आणि फक्त गायकांच्या मागे लागू नका. दारावर पैसे घेणारी मुलगी, ध्वनियंत्रणा भाड्याने देणारा, दोन महिने वाजवून सोडून गेलेला ड्रमर, हॉलचा रखवालदार, धाकटी भावंडं, मारामाऱ्यांना कंटाळून येणं बंद केलेले: यांनी ती गोष्ट शंभर वेळा सांगितलेली नसते, म्हणून ती कमी घासलेली असते. प्रत्येक जण आपल्याच दोस्तांची नावं देतो, त्यामुळे एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन टोकांपासून सुरुवात करा आणि शेवटी एक प्रश्न नक्की विचारा: ‘तुमचं ज्याच्याशी पटत नाही पण मी ज्याला भेटायला हवं, असं कोण?’

सरकारी कागद मिळाले तर तेही असेच तपासा. पूर्व जर्मनीत स्टासी या गुप्त पोलिसांनी पंक मुलांवर पाळत ठेवली होती, बँडांमध्ये खबरे पेरले होते. अशा फायलींतल्या तारखा सहसा चोख असतात, अर्थ मात्र वरिष्ठांना खूश करण्यासाठी लावलेला असतो. तारीख घ्या, विशेषणं सोडा.

संमती दोनदा घ्या. बोलण्याआधी रेकॉर्डिंगची, आणि लेखन वाचायला दिल्यावर प्रसिद्धीची. मधे पर्याय द्या: खरं नाव, टोपणनाव, काही भाग इतकी वर्षं बंद, काही भाग पुसायचा. टोपणनाव आणि खरं नाव यांची जोडणी वेगळ्या, कुलूपबंद तक्त्यात असू द्या. व्यसन, मारहाण, लैंगिक अत्याचार यांचे उल्लेख येणार. ते गाळून गोंडस इतिहास लिहू नका, पण एकाच माणसाच्या सांगण्यावरून दुसऱ्या जिवंत माणसाचं नाव छापूही नका. सुरुवातीच्या पंकमध्ये काहींनी भडकवण्यासाठी स्वस्तिकाचं नाझी चिन्ह अंगावर घातलं. असा फोटो निघाला तर कापू नका. काय आहे, कधीचं आहे, आणि त्या वेळी त्याला कुणी विरोध केला का, ते मथळ्यात लिहा. हक्कांचं सूत्र एवढंच लक्षात ठेवा की कागद ज्याच्या घरात आहे तो त्याचा मालक, हक्कदार असेलच असं नाही. फोटोचा हक्क सहसा फोटो काढणाऱ्याचा, फ्लायरचा चित्रकाराचा, आणि टेपवर गाण्याचे व रेकॉर्डिंगचे असे दोन वेगळे हक्क.

फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांत, मोकळी जागा न सोडता: तारीख, प्रकार, वस्तूचा क्रमांक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा पडताळा, नाहीतर खराब झालेली फाइल तुम्ही इमानेइतबारे तिन्हीकडे नकलत बसाल.

मूळ वस्तू शेवटी संस्थेत गेलेल्या बऱ्या. हे आता नवलाचं राहिलेलं नाही. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ साली शहराच्या पंकचा संग्रह सुरू केला, आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात रायट गर्ल या स्त्रियांच्या पंक चळवळीची कागदपत्रं आहेत. द्यायच्या आधी तीन गोष्टी लेखी घ्या: सभासद नसलेल्याला पाहता येईल का, डिजिटल फाइलीही सांभाळणार का, नको असलेल्या वस्तू फेकणार की परत देणार. संग्राहकाला मधूनच एखादा दुर्मीळ फ्लायर विकण्याचा मोह टाळा. गठ्ठा फुटला की उरलेल्या कागदांचा संदर्भही जातो.

आता तुमचे ते दोघं. ‘पहिला पंक बँड’ हा एक प्रश्न नाही, निदान चार आहेत: स्वतःला पंक म्हणवणारा पहिला स्थानिक बँड, लोकांपुढे पहिली गिग करणारा, पहिली टेप किंवा रेकॉर्ड काढणारा, आणि ज्याच्याबद्दल पहिल्यांदा छापून आलं तो. बहुतेक शहरांत याची दोन-तीन वेगळी उत्तरं निघतात, आणि भांडणारे दोघंही आपापल्या उत्तराबाबत बरोबर असतात. एकाच प्रश्नावर खरोखर मतभेद उरला तर दोन्ही दावे पुराव्यासकट शेजारी छापा. निकाल देण्याचं ओझं तुमच्यावर नाही.

पुस्तक की वेबसाइट, हे यादी शंभरेक गिगपर्यंत पोचली की पाहू. त्याआधी तिची कागदावर छापलेली प्रत, रुंद समास सोडून, मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला पाठवा. वर आवृत्ती क्रमांक आणि दुरुस्त्या कळवण्याची शेवटची तारीख घाला, सोबत परतीचं तिकीट लावलेलं पाकीट द्या. संगणकावर पाठवलेल्या यादीला ‘छान’ असं उत्तर येतं. कागदावर मात्र लोक पेन घेऊन बसतात, नावं खोडतात, आणि समासात लिहितात, ‘हे इथे नव्हतं, मागच्या गल्लीत होतं.’